हुकूम बोलण्याआधी

पाच, तीन आणि दोन मिळून दहा होतात, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ज्याने पत्ते वाटले त्याने दोनच हात का करायचे, आत्याने हातात पाचच पाने असताना ‘बदाम’ असा हुकूम कशाच्या बळावर बोलला, आणि आपला किलवरचा राजा बदामाच्या सत्तीने कसा कापला गेला, हे उमगायला त्याला उन्हाळ्याची निदान एक सुट्टी लागते. पुढच्या पानांत पत्त्यांच्या घरगुती डावांचे नियम येतील. त्याआधी हे डाव कोण कोणाला शिकवते, कोणत्या क्रमाने शिकवते आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललेले असते, ते पाहायला हवे. कारण हे डाव पुस्तकातून फार थोड्यांनी शिकलेले आहेत. ते शेजारी बसून शिकले जातात.

या विषयाकडे ठाकुर्लीतून पाहणे सोयीचे आहे. डोंबिवली आणि कल्याण या दोन मोठ्या स्थानकांमधले हे लहान स्थानक. जलद लोकल इथे थांबत नाहीत. १८५४ साली आगगाडी ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत आली. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या विजेवरच्या गाड्यांसाठी इथे चोळे गावाजवळ वीजकेंद्र उभारले. लोक त्याला पॉवर हाऊसच म्हणत आले. त्याच्या आजूबाजूला रेल्वेची वसाहत झाली, मग चाळी आल्या, मग इमारती. पाळ्यांमध्ये काम करणारी माणसे जिथे राहतात तिथे भरदुपारी कोणी ना कोणी घरी असतो आणि रात्रीही एखाद्या घरात दिवा असतो. सतरंजी पसरून डाव मांडायला याहून सोयीची वस्ती शोधावी लागेल.

शिवाय इथली माणसे एका मुलखातली नाहीत. कोणी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आले, कोणी खानदेशातून, कोणी साताऱ्या-सोलापुराकडून. शेजारी गुजराती, दक्षिणेकडचे आणि उत्तर भारतातले. प्रत्येकाने आपापला डाव बरोबर आणला. पंजाबात ज्याला भाभी म्हणतात तो आपल्याकडचा झब्बू, आणि उत्तरेकडचा दहिला पकड आपल्या मेंढीकोटचा अगदी जवळचा नातलग. त्यामुळे एका मजल्यावरची तीन घरे एकत्र बसली की पहिली दहा मिनिटे खेळण्यात जात नाहीत. ‘आमच्याकडे असं नसतं’ या वाक्यावर ती जातात. हा वाद टाळण्यासारखा नाही, तो करण्यासारखा आहे. त्याकडे पुढे यायचेच आहे.

मुलांची सुरुवात बहुतेक घरांत गुलामचोरने होते आणि ती बरोबरच आहे. बावन्न पानांतून एक गुलाम काढून ठेवायचा. उरलेल्या एकावन्न पानांच्या पंचवीस जोड्या होतात आणि एक गुलाम एकटा राहतो. शेजाऱ्याच्या हातातले पान न बघता ओढायचे, जोडी जमली की खाली टाकायची, आणि शेवटी ज्याच्या हातात तो एकटा गुलाम उरेल तो चोर. इथे हुकूम नाही, उतारी नाही, मोजणी नाही. चार-पाच वर्षांचे मूल इथे दोनच गोष्टी शिकते: पाने पंख्यासारखी धरायची आणि गुलाम आला तरी चेहऱ्यावर दाखवायचे नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड. गुलाम हातात आल्याबरोबर डोळे मोठे करणाऱ्या मुलाला हसून घ्यावे, पण ते कशावरून ओळखले हे मात्र त्याला सांगावे.

त्यानंतर बदाम सात. बदामाची सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती मांडायची. मग तिच्या एका बाजूला छक्की, पंजी अशी उतरती आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठी, नव्वी अशी चढती पाने लागत जातात. बाकीच्या तीन रंगांतही सत्ती आल्याशिवाय दार उघडत नाही. मुलाला आधी वाटते की लागणारे पान असेल तर ते टाकायचेच. मग एक दिवस त्याच्या लक्षात येते की काकांकडे चौकटची छक्की आहे आणि ते ती मुद्दाम दाबून बसले आहेत, कारण खालची पंजी, चव्वी, तिर्री दुसऱ्यांच्या हातात अडकून पडल्या आहेत. हा शोध लागतो त्या दिवशी मूल खऱ्या अर्थाने पत्ते खेळू लागते. हातातल्या पानाची किंमत दुसऱ्याच्या हातात काय आहे यावर ठरते, हे कोणी सांगून पटत नाही. स्वतःची तिर्री अडकावी लागते. टाकता येण्यासारखे पान दाबून ठेवणे चालते की नाही, यावरही घराघरांत एकमत नाही. लहान मुले असतील तर ‘लागत असेल तर टाकलेच पाहिजे’ असा नियम ठेवतात आणि मुले मोठी झाली की तो काढून टाकतात.

झब्बूचे काम वेगळे. तिथे पहिल्यांदा एक शिस्त लागते: ज्या रंगाची उतारी असेल त्याच रंगाचे पान टाकायचे. सगळ्यांनी त्या रंगाचे टाकले तर तो हात बाद होऊन बाजूला जातो. एखाद्याकडे तो रंगच नसेल तर तो दुसरे कुठलेही जड पान टाकून झब्बू देतो, आणि उतारीच्या रंगाचे सर्वांत मोठे पान ज्याने टाकले असेल त्याला सगळी पाने उचलावी लागतात. ज्याची पाने संपली तो सुटला. शेवटी पाने ज्याच्याकडे उरतील तो हरला. इथे एक्का हे भूषण नसून ओझे आहे, ते लवकर खपवावे लागते. आधीच्या डावांत मोठ्या पानाचा हव्यास लागलेल्या मुलाला हा उलटा हिशेब फार मानवतो.

आता पाच-तीन-दोन. मराठी घरातला हा सर्वांत उत्तम शिकवणीचा डाव आहे, असे इथे ठामपणे म्हणायचे आहे, आणि म्हणूनच त्याच्यापाशी थोडे थांबायचे आहे.

बावन्न पानांतून दुर्रीपासून छक्कीपर्यंतची वीस पाने बाजूला काढायची. चौकट आणि किलवर यांच्या सत्त्याही काढायच्या; इस्पिक आणि बदामाच्या मात्र ठेवायच्या. उरली तीस. खेळणारे तिघे, प्रत्येकाला दहा पाने, म्हणजे एकूण दहा हात. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, हुकूम बोलणाऱ्याने पाच आणि तिसऱ्याने तीन. पाने एकदम वाटत नाहीत. आधी पाच-पाच वाटून वाटणारा थांबतो, हुकूम बोलला जातो, मग तीन-तीन आणि शेवटी दोन-दोन. पुढच्या वाटणीला भूमिका सरकतात. तीन वाटण्यांत प्रत्येकाला एकदा जड, एकदा मध्यम आणि एकदा हलके ओझे मिळते.

हुकूम बोलण्याचा क्षण हा या डावाचा जीव आहे. समजा, आत्याच्या पहिल्या पाच पानांत बदामाचा एक्का, राणी आणि अठ्ठी आहेत, शिवाय इस्पिकचा राजा आणि चौकटची नव्वी. तिला न दिसणारी पाने पंचवीस. बदामाची सत्ती खेळात असल्यामुळे बदाम एकूण आठ. त्यातले तीन तिच्याकडे, म्हणजे बाहेर पाच. पंचविसांतली पाच पाने अजून तिच्याकडे यायची आहेत, तेव्हा सरासरीने आणखी एक बदाम येईल आणि समोरच्या दोघांत मिळून चार राहतील. हीच तीन पाने किलवरची असती तर? किलवर सातच. आणखी एक येण्याची आशा थोडी कमी, पण समोरच्यांकडेही तीनाहून थोडेच जास्त उरले असते. हे गणित आत्या कागदावर मांडत नाही. तिला ते बोटांत मुरलेले असते. शेजारी बसलेल्या नवख्या मुलाला मात्र तिने एकदा तरी ते मोठ्याने करून दाखवावे, कारण हुकूम बोलणे हा नशिबाचा कौल नाही हे त्याला इथेच कळते.

त्यानंतरची पायरी म्हणजे गेलेले हुकूम मोजणे. बदाम हुकूम असेल तर आठ, चौकट असेल तर सात. नवख्याला सगळी पाने लक्षात ठेवायला सांगणे हा छळ आहे. त्याला एका रंगाची मोजणी करायला सांगावे. पाच हुकूम पडले, दोन माझ्याकडे, म्हणजे अजून एक बाहेर आहे, इतके त्याला जमले की त्याचा खेळ बदलतो. तो एक हुकूम निघेपर्यंत इस्पिकचा एक्का राखून ठेवायचा की आताच उतारायचा, हा प्रश्न त्याचा त्याला पडू लागतो. दहा वर्षांच्या मुलाला असा स्वतःचा प्रश्न पडणे ही मोठी गोष्ट आहे.

आणि मग ओढणे. हात दहाच असल्यामुळे कोणाचा एक वाढला तर दुसऱ्या कोणाचा तरी एक बुडालेलाच असतो. पुढच्या वाटणीला वाढलेला खेळाडू बुडालेल्याच्या पानांतून न बघता एक पान ओढतो आणि आपल्याला नको असलेले एक पान त्याला देतो. बुडालेल्याचा एक्का गेला, बदल्यात नव्वी आली, म्हणजे आधीच्या डावातले कर्ज या डावात फेडले गेले. पाठोपाठ तीन वाटण्या बुडालेल्या मुलाचे डोळे भरून येतात. तेव्हा मोठ्यांनी मुद्दाम हरून दाखवण्याची गरज नसते. डावातच उपाय आहे. पुढे त्याला दोनच हात करायची पाळी येतेच, आणि दोन हात करून तिसरा पदरात पाडून घेणे हे पाच करण्यापेक्षा पुष्कळदा सोपे जाते.

चौथे माणूस आले की मेंढीकोट. दोन-दोनच्या जोड्या समोरासमोर बसतात, बावन्न पाने वाटली जातात, प्रत्येकी तेरा. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या; तीन पकडणारी जोडी जिंकली, दोन-दोन झाल्या तर सात किंवा अधिक हात करणारी जिंकली, चारही एकाच जोडीकडे गेल्या तर कोट. हुकूम ठरवण्याच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत. बंद हुकमात एकजण आपले एक पान पालथे ठेवतो. दुसऱ्या रीतीत उतारीचा रंग नसलेला पहिला खेळाडू जे पान टाकतो त्याचाच रंग हुकूम होतो. भिडूवर विसंबणे ही इथली नवी गोष्ट. भिडूने एक्का टाकला आहे हे दिसत असताना आपली दश्शी त्या हातात निर्धास्तपणे घालायची असते, आणि भिडू चुकला तर त्याला डोळ्यांनी काही सुचवायचे नसते. ज्याला हे अंगवळणी पडले त्याला पुढे ब्रिज परका वाटत नाही. तेरा हात, समोरासमोरचे भिडू आणि हुकूम ही तिथलीही हाडे आहेत. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला ब्रिजचे सुवर्णपदक मिळवून देणारे प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार अनुक्रमे साठ आणि छप्पन्न वर्षांचे होते. नातवंडांबरोबर सतरंजीवर बसणाऱ्या आजोबांनी ही वये ध्यानात ठेवावीत.

आता ‘आमच्याकडे असं नसतं’. पाने उजवीकडे वाटायची की डावीकडे. पिसल्यावर कात द्यायची की नाही. पाच-तीन-दोनमध्ये ओढलेले पान आवडले नाही तर तेच परत देता येते का. झब्बूत पहिली उतारी इस्पिकच्या एक्क्याचीच असावी का. या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नाही, कारण हे डाव कोणत्याही मंडळाने ठरवलेले नाहीत. १७४२ साली एडमंड हॉईलने इंग्लंडमध्ये व्हिस्ट या पत्त्यांच्या डावावर पुस्तक लिहिले आणि तिकडे वाद मिटवायला हॉईलचे नाव घेण्याची चाल पडली. झब्बूला किंवा मेंढीकोटला असा हॉईल लाभला नाही. आपल्याकडे शेवटचा शब्द आजीचा. ती असेपर्यंत हे पुरते. ती गेली, घर ठाकुर्लीच्या सातव्या मजल्यावर आले, घरात माणसे तीनच उरली, की नियमाचा तुकडा तुकडा गळू लागतो: कोणाला ओढणे आठवते पण पान परत देणे आठवत नाही, कोणाला कोट आठवतो पण दोन-दोन मेंढ्यांचा निकाल आठवत नाही.

डाव असा हरवतो हे महाराष्ट्राने एकदा पाहिलेले आहे. सावंतवाडीची गंजिफा आज अनेकांना ठाऊक आहे ती तिच्या गोल, रंगीत, लाखकाम केलेल्या पानांमुळे. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण एकशे वीस; मोगल पद्धतीच्या गंजिफेत आठ रंग आणि शहाण्णव पाने. खेळणारे तिघे, म्हणजे दशावतारीत एकेकाच्या हातात चाळीस पाने. निम्म्या रंगांत दहाचे पान मोठे तर उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा, आणि उतारी दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. बाबराने १५२७ साली सिंधला गंजिफेचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, इतका हा खेळ जुना. सावंतवाडीची ही कला विसाव्या शतकात विझू लागली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केले आणि ती वाचवली. चिंचोक्याची खळ कशी करायची, रंगावर लाख कशी चढवायची, हे हातातून हातात गेले म्हणून टिकले. खेळाच्या बाबतीत तसे घडले नाही. गंजिफेचा संच आज बहुधा भेट म्हणून विकत घेतला जातो आणि चौकटीत लावला जातो. चाळीस पाने हातात धरून बसणारे तिघे मिळणे दुर्मीळ. पाने वाचली, तरी डाव वाचला असे होत नाही.

बावन्न पानांच्या डावांवर ती वेळ आलेली नाही, आणि त्याचे काही श्रेय मध्य रेल्वेला द्यायला हवे. ठाकुर्लीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे पन्नास किलोमीटर. धीम्या लोकलमध्ये तास-सव्वातास सहज जातो. मांडीवर ब्रीफकेस किंवा वर्तमानपत्र ठेवून चौघांनी डाव मांडायचा आणि घाटकोपर येईपर्यंत कोट लावायचा, ही पिढ्यांची सवय. डब्यातला खेळ घरातल्यापेक्षा वेगवान असतो. चुकीला माफी नाही आणि समजावून सांगायला वेळ नाही. अनेक तरुण तिथे आधी महिनोन् महिने उभे राहून दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघत शिकले. अर्थात गर्दीच्या वेळी डावासाठी जागा अडवून धरणे आणि बाईमाणसाला किंवा म्हाताऱ्याला उभे ठेवणे हे वाईटच, आणि त्यावरून होणारी भांडणे रास्त आहेत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा डब्यातले हे खेळाडू घरात अडकले, आणि पुष्कळ घरांत कपाटातला पत्त्यांचा कॅट तेव्हा बाहेर आला. घरात दोघेच असतील त्यांनी सात-आठ काढला: तीच तीस पाने, पंधरा-पंधरा, एकाने सात हात करायचे, दुसऱ्याने आठ.

मोबाइलवरही हे डाव मिळतात. त्यांची एक अडचण आहे. नवखा चुकीचे पान टाकायला गेला की यंत्र ते टाकूच देत नाही, त्यामुळे ते का चुकले हे कळत नाही. सतरंजीवर मात्र उतारीचा रंग असतानाही कापलेले पान दोन हातांनंतर उघडकीला येते, आरडाओरडा होतो, हात परत मागे घेतले जातात, आणि तो नियम जन्मभर लक्षात राहतो.

पैशांबद्दल. पत्ते म्हटले की काही घरांत आजही कपाळाला आठी पडते आणि तिचे कारण खरे आहे. तीन पत्तीत उद्ध्वस्त झालेली घरे लोकांनी पाहिली आहेत. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा अजून लागू आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. १९६७ साली आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला. न्यायालयाने दिलेले कारण मुलांना शिकवताना उपयोगी आहे: कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते, कोणते पान ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. तीन पत्तीसारख्या डावाला न्यायालयाने या रांगेत बसवले नाही. घरगुती डावात पैसा अजिबात नसावा, अगदी एक रुपयाही नसावा, अशी या पानांची भूमिका आहे. पैसा आला की मोठा माणूस लहानाला शिकवायचे थांबवतो. गुण मांडायला चिंचोके किंवा वहीचे शेवटचे पान पुरते.

शिकवणाऱ्यासाठी थोडेसे. पहिल्या दोन-तीन वाटण्या सगळ्यांनी पाने उघडी ठेवून खेळाव्यात आणि प्रत्येकाने आपण हेच पान का टाकले ते बोलावे. लहान हातात तेरा पाने मावत नाहीत. तिथे कमी पानांचा डाव निवडावा किंवा मुलाला पाठीमागे भिंत असलेल्या जागी बसवून पाने जमिनीवर मांडू द्यावीत. नवख्याच्या हातात डोकावून ‘हे टाक’ म्हणणाऱ्याला प्रेमाने पाणी आणायला पाठवावे. वाटण्याचे काम मुलाला लवकर द्यावे, पाने सांडली तरी चालतील. आणि खेळ सुरू होण्याआधी वादाचे नियम तोंडी ठरवून घ्यावेत: दिशा, कात, ओढणे, हुकमाची रीत.

पुढे डावांचा क्रम बहुतांशी इथल्याप्रमाणेच आहे: गुलामचोर, बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, सात-आठ, मेंढीकोट. प्रत्येकाखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. आपल्या घरचा नियम वेगळा असेल तर तो तिथे पेनने लिहावा, आणि तो कुठून आला तेही शेजारी नोंदवावे: आजोळ, चाळ, कोकणातले गणपतीतले जागरण किंवा आठ-बाराचा डबा.